लाल पक्षाकडून खेळताना

महूच्या छावणीत दर वर्षी अनेक अधिकारी काही दिवसांपुरते शत्रू होतात. लष्करी प्रशिक्षणातल्या युद्धखेळात एक पक्ष निळा असतो, म्हणजे आपला. दुसरा लाल, म्हणजे समोरचा. लाल पक्ष चालवायलाही आपलेच अधिकारी बसतात. कालपर्यंत ज्याच्याविरुद्ध डावपेच आखले, त्याच्याच डोक्याने आता त्यांना विचार करायचा असतो. त्याच्याकडे रसद किती आहे, त्याला भीती कशाची वाटते, कुठली चूक तो कधीच करणार नाही, हे सगळं त्याच्या बाजूने पाहायचं असतं. लाल पक्षाने हातचं राखून खेळ केला तर निळ्याला काही शिकायला मिळत नाही. त्यामुळे समोरच्याची भूमिका प्रामाणिकपणे करणं हा इथे शिस्तीचा भाग असतो.

या प्रकरणाचा विषय आहे भूमिकांच्या खेळात मुलाने बाई होणं आणि मुलीने पुरुष होणं. त्याची सुरुवात छावणीतून का, असं कुणालाही वाटेल. बाई आणि पुरुष हे एकमेकांचे शत्रू आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण आपण जे नाही ते होऊन खेळायचं असेल तर त्याची कसोटी कोणती, हा प्रश्न मला महूने, माझ्या जन्मगावानेच शिकवला. शिवाय आज जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘रोल-प्लेइंग गेम’चा वंशवृक्ष मागे मागे नेला तर तो थेट लष्करी युद्धखेळापाशीच पोचतो.

महू आहे इंदूरपासून तेवीस-चोवीस किलोमीटरवर. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि १८१८मध्ये जॉन माल्कमने इथे छावणी वसवली. इंग्रजीतल्या ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ची आद्याक्षरं जोडून महू हे नाव झालं, असं गावात आजही अनेकजण सांगतात. ते खरं नाही. गावाचं नाव छावणीहून जुनं आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर याच छावणीत जन्मले आणि २००३पासून गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. १९७१मध्ये इथे ‘कॉलेज ऑफ कॉम्बॅट’ सुरू झालं, तेच आताचं ‘आर्मी वॉर कॉलेज’. होळकरांमुळे आणि पलटणींमुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. आमचं त्यातलंच एक.

आता प्रशियाकडे जाऊ. १८२४मध्ये गेऑर्ग फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने वडिलांनी रचलेला एक युद्धखेळ सुधारून लष्करापुढे ठेवला. त्याला ‘क्रीगश्पील’ म्हणत. एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा, त्यावर निळे आणि लाल ठोकळे, फासे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसलेला एक पंच. आपल्या सैन्याला जेवढं दिसू शकेल तेवढंच खेळाडूला दिसायचं, बाकीचं पंचाच्या डोक्यात. खेळाडूने लेखी हुकूम द्यायचा आणि त्याचं काय झालं ते पंचाने सांगायचं. खेळणारा नकाशाकडे वरून पाहणारा देव राहिला नाही. धुक्यात उभा असलेला, अर्धवट माहितीवर निर्णय घेणारा एक माणूस झाला.

पुढची उडी अमेरिकेतल्या मिनेसोटात पडली. १९६९मध्ये डेव्हिड वेस्ली याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक प्रशियन गावाचा युद्धखेळ मांडला. त्याने खेळाडूंना पलटणी तर दिल्याच, पण काहींना माणसंही दिली. कुणी गावाचा महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळ त्याच्या हातून पार सुटला. लोक लढाई विसरून एकमेकांशी त्या त्या माणसाच्या तोंडून बोलत बसले. वेस्लीला डाव फसला असं वाटलं, खेळाडूंना मात्र पुन्हा तेच हवं होतं. त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसनने तो धागा धरला, गॅरी गायगॅक्सशी हात मिळवला आणि १९७४च्या जानेवारीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक कागद असतो आणि त्यावर त्याच्या पात्राचं नाव, ताकद, चपळाई, अक्कल, हत्यारं. एकजण खेळ चालवतो. तो जग सांगतो, वाटेत भेटणारे सगळे लोक तोच होतो आणि तुम्ही काय करता ते विचारतो. तुम्ही सांगता. बेत तडीला जाईल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. ना रंगमंच, ना पोशाख, ना पाठ केलेली संहिता. मिशीवाला मुलगा ‘मी कमरेचा खंजीर काढते’ म्हणतो आणि बाकीच्यांना तिथे बाई दिसते.

नियमांना मात्र ती बाई बराच काळ नीट दिसत नव्हती. पहिल्या पुस्तिकेत लढवय्यांच्या वर्गाचं नावच ‘फायटिंग-मेन’ होतं. १९७८च्या नियमपुस्तकाने मानवी स्त्रीपात्राच्या ताकदीला पुरुषपात्राहून खालची मर्यादा घातली. ज्या जगात उडणारे अजगर चालतात तिथे तगडी बाई चालत नव्हती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. नियमांच्या पुस्तकातली एक ओळ कमी झाली, पण तेवढ्याने स्त्रीपात्र घेऊ पाहणाऱ्यावरचा एक दंड माफ झाला.

गेल्या दिवाळीत महूच्या घरी आमच्या भाचेमंडळींनी हा खेळ मांडला होता. चौदा ते सतरा वयाची पाच मुलं, मध्ये पोह्यांच्या बश्या, शेवेचा डबा आणि तो वीस बाजूंचा फासा. खेळ चालवत होती सगळ्यांत थोरली भाची. तिने परदेशी किल्ले बाजूला ठेवून मांडूच्या वाटेवरची एक सराई रचली होती. धाकट्या भाच्याने पात्र घेतलं होतं एका सरदारणीचं. तलवारीत तरबेज, तीन गावांची मालकीण. त्याच्या धाकट्या बहिणीने घेतला होता साठीचा निवृत्त हवालदार.

सरदारीण सराईत आली. तिने खोल्यांचा भाव विचारला. सराईवाल्याने उत्तर दिलं ते तिच्यामागे उभ्या असलेल्या नोकराला. भाच्याला वाटलं, ताईने नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. सराईवाला पुन्हा नोकराशीच बोलला, वर विचारलं, ‘बाईसाहेबांबरोबर कोणी मोठं माणूस नाही का?’ भाच्याने कागद खाली ठेवला. ‘ताई, पण पैसे माझ्याकडे आहेत ना? मग तो माझ्याशी का बोलत नाही?’

थोरली काही बोलली नाही. फक्त त्याच्याकडे पाहत राहिली. ती इंदूरला कॉलेजात जाते, भाड्याची खोली शोधताना तिच्या वाट्याला काय आलं ते आम्हा मोठ्यांना माहीत होतं. खोलीत जरा शांतता झाली. मग हवालदार पुढे झाला, दोन वाक्यं बोलला आणि सराईवाल्याने किल्ल्या काढून दिल्या. खेळ संपल्यावर हवालदार झालेली ती पोरगी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ‘मामा, मला आज कुणी मध्येच तोडलंच नाही.’ तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता आणि थोडं आश्चर्यही.

या खेळाचं बळ मला इथे दिसतं. दुसऱ्याचा वेश घेतला की आपण बदलतो असं आपण समजतो. खरं म्हणजे आधी बदलतं ते जग. तेच वाक्य, तेच पैसे, तीच तलवार, पण समोरचा माणूस वेगळा वागतो, आणि त्या वागण्याला उत्तर देता देता आपल्याला काही उमगत जातं. भाच्याला कुणी स्त्री-पुरुष समतेवर भाषण दिलं असतं तर त्याने जांभई दिली असती. सराईवाल्याने मान फिरवली ती मात्र त्याला लागली. अर्थात थोरलीने ती मान फिरवली म्हणून. सराईचं जग तिने गोडगुलाबी ठेवलं असतं तर भाचा बाईच्या नावाने मुलगाच राहिला असता.

हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं आमच्या शेजारच्या काकांना त्या दिवशी वाटलं. मराठी माणसाने तरी असं म्हणू नये. कीर्तन आठवा. धोतर, अंगरखा, पगडी घातलेला एक पुरुष उत्तररंगात आख्यान लावतो. क्षणात तो दुःशासन असतो, पुढच्या क्षणी द्रौपदी. पगडी डोक्यावरून हलत नाही. उपरण्याचं टोक जरा पुढे आलं, मान जरा वळली, आवाज एक पट्टी खाली आला, आणि देवळातल्या बायका डोळे पुसायला लागतात. पोशाखाशिवाय, फक्त सांगण्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या मान्यतेतून पात्र उभं करण्याची ही रीत टेबलावरच्या खेळाच्या फार जवळची आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणी, नामदेव-तुकारामांच्या गौळणी स्त्रीच्या तोंडून बोलतात. एकनाथांनी तर भारुडांत केवढी माणसं वठवली: जोगवा मागणारी, संसाराला विटलेली बाई, महारीण, वासुदेव, जोशी. पैठणच्या त्या ब्राह्मणाने स्वतःच्या जातीच्या आणि पुरुषपणाच्या बाहेर पाऊल टाकून लिहिलं. त्याला मी लाल पक्षाकडून प्रामाणिकपणे खेळणं म्हणेन.

मग येतात आपले स्त्रीपार्टी नट. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून नव्वदएक वर्षं मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक नायिका पुरुष होते. माळव्याच्या माच या लोकनाट्यातही तेच. उज्जैनकडच्या त्या उघड्या, उंच मंचावर राण्या आणि मालणी पुरुषच होत. बायकांना रंगभूमी बंद होती म्हणून पुरुषांना लुगडं नेसावं लागलं, हा त्यामागचा अन्याय विसरून या परंपरेचं कौतुक करता येत नाही. दादासाहेब फाळक्यांनाही १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले.

बालगंधर्वांबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी दोनच गोष्टींपाशी थांबतो. नारायण श्रीपाद राजहंस १९०५च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे पंचवीस वर्षं मराठी बाईने कसं दिसावं हे रंगमंचावरून ठरलं. पातळ नेसण्याची त्यांची तऱ्हा, अंबाडा, गजरा हे सगळं पाहून घरोघरच्या स्त्रिया तसं करू लागल्या. इथे अनुकरण उलट्या दिशेने वाहिलं. पुरुषाने बाईकडे पाहून बाई उभी केली आणि बायकांनी ती पाहून स्वतःला सजवलं. त्यांनी उभी केलेली ती भामिनी, ती रुक्मिणी पुरुषाच्या मनातली बाई होती का? बऱ्याच अंशी होती, असं मला वाटतं. पण १९१९मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू आली. दारुड्याच्या बायकोचं फाटकं लुगडं नेसून, जात्यापाशी बसून तोच नट गायला. प्रेक्षकांना रिझवणारं सगळं त्याने उतरवून ठेवलं होतं. सजवलेल्या रुक्मिणीपेक्षा ही सिंधू मला नेहमी मोठी वाटते, कारण तिथे बाईचं रूप संपतं आणि तिची परिस्थिती सुरू होते.

दुसरी गोष्ट चित्रपटाची. १९३५च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी एकनाथ केले. म्हणजे ज्या संताने स्त्रीच्या तोंडून भारुडं लिहिली त्याची भूमिका, जन्मभर स्त्रिया उभ्या केलेल्या नटाने. १९३७मध्ये ते पडद्यावर मीराबाई झाले. नाटकगृहात वीस-पंचवीस हातांवरून ज्याला लोक बाई मानत होते, त्याला कॅमेऱ्याने एका हातावर आणलं. तोपर्यंत १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या, हिराबाई बडोदेकर त्याच्याही आधी रंगभूमीवर उभ्या राहिल्या होत्या. काळ वळला होता. प्रत्येक माध्यम बघणाऱ्याला भूमिकेपासून वेगवेगळ्या अंतरावर बसवतं आणि त्या अंतरावर काय खपेल ते ठरतं. टेबलावरच्या खेळाचं नवल असं की तिथे अंतर दोन हातांचं असूनही मुलाची मिशी आड येत नाही, कारण पाहायचं काही नसतंच. सगळं ऐकायचं असतं.

पुरुष बायका झाले ते दिव्यांच्या झगमगाटात. बायका पुरुष झाल्या त्या बहुधा बंद दाराआड. बिहारात वरात निघाली की घरी राहिलेल्या बायका रात्री डोमकच मांडतात, राजस्थानात टूंटिया. कुणी नवरदेव होते, कुणी भटजी, कुणी फौजदार. काठी, धोतर, काजळाच्या मिश्या. त्या रात्री पुरुषांना मज्जाव. तिथे त्या पुरुषांच्या अधिकाराची मनसोक्त नक्कल करतात, आणि ती अचूक असते, कारण ज्याच्या हाताखाली जगायचं त्याला माणूस रोज न्याहाळत असतो. मला नेहमी वाटतं की लाल पक्ष चालवण्याची तयारी बायकांची आधीपासूनच जास्त असते. पुरुषांना ती मुद्दाम करावी लागते.

मग संगणक आला. १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचं शब्दांचं जग उभारलं. तिथे चित्र नव्हतं, नुसती वाक्यं. तुम्ही बाई की पुरुष, हे आत शिरताना निवडायचं. पडद्यामागचा कोण आहे हे दिसायचा मार्ग नव्हता, आणि अनेक पुरुषांनी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं की बाईचं नाव घेतलं की न मागता मदत मिळते, भेटवस्तू मिळतात, मागे लागणारेही मिळतात. शेरी टर्कल यांनी १९९५च्या ‘लाइफ ऑन द स्क्रीन’मध्ये अशा खेळाडूंचे अनुभव मांडले. काहींना दुसऱ्या बाजूने जगणं सोपं वाटलं होतं, काहींना त्याचा थकवा आला होता.

चित्रं आल्यावर गोष्ट पालटली. १९८६च्या ‘मेट्रॉइड’मध्ये खेळाडू चिलखतातल्या एका योद्ध्याला चालवतो आणि जलद गतीने खेळ पुरा केल्यावर शिरस्त्राण उतरतं तेव्हा कळतं की ती बाई आहे. कित्येक मुलं नकळत बाई होऊन जिंकली होती. पुढे खेळाडूला आपलं पात्र पाठीमागून पाहता येऊ लागलं आणि पुरुषांनी स्त्रीपात्र निवडण्याचं एक साधं कारण सर्रास पुढे आलं: तासन्‌तास एका पाठमोऱ्या आकृतीकडे पाहायचंच आहे, तर ती बाईची का नको. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते होणं नव्हे, पाहणं आहे. दोन्ही एकाच बटणाने निवडता येतात म्हणून एक होत नाहीत.

याचा पुरावा एका अभ्यासात छान सापडतो. रोझा मिकेल मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात खास एक मोहीम रचून ३७५ खेळाडूंना ती खेळायला लावली. २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुषांपैकी २३ टक्क्यांनी स्त्रीपात्र घेतलं होतं, स्त्रियांपैकी ७ टक्क्यांनीच पुरुषपात्र. स्त्रीपात्र घेतलेले पुरुष गप्पांमध्ये भावनांचे शब्द आणि उद्गारचिन्हं जास्त वापरत. पण चालताना तेच पुरुष अधिक उड्या मारत, अधिक वेळा मागे मागे सरकत, गटापासून दूर राहत. जिभेने वेश घेतला होता, पायांनी नाही. आणि जिभेनेही घेतला तो ‘बायका अशा बोलतात’ या ऐकीव समजुतीचा.

जुन्या नाटकमंडळीच्या तालीममास्तरने हे एका नजरेत ओळखलं असतं. नुसता आवाज बारीक करून आलेल्या पोराला तो आधी चालायला लावायचा. डोक्यावर पदर आहे, हातात ताट आहे, समोर सासरा बसलाय, आता चाल. पाऊल कुठे अडतं ते बघ. बाई होण्याची सुरुवात गळ्यापासून नव्हे, अडलेल्या पावलापासून होते.

बायकांनी पुरुषपात्र घेण्यामागे मात्र बरेचदा सोपं, दुखरं कारण असतं. त्रास नको. नाव पुरुषाचं ठेवलं, चेहरा पुरुषाचा घेतला, माइक बंद ठेवला की निवांत खेळता येतं. आपल्याकडे मोबाइलवर ‘बीजीएमआय’सारखे खेळ खेळणाऱ्या मुलींपैकी अनेकींची हीच युक्ती आहे. माइक चालू केला आणि पलीकडून मुलीचा आवाज ओळखला की खेळ थांबतो आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं. त्या मुलीने घेतलेलं पुरुषरूप हा भूमिकेचा आनंद नाही. ती चिलखत घालून बाजारात जाते आहे.

आता फसवणुकीचं बोलायला हवं, कारण पालकांची खरी भीती तीच असते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ‘कॉम्प्युसर्व्ह’ या संगणक-सेवेवर ‘जोन’ नावाची एक अपंग स्त्री फार लोकप्रिय झाली. अनेक स्त्रियांनी तिच्यापाशी मन मोकळं केलं. पुढे उघड झालं की जोन म्हणजे एक पुरुष मनोविकारतज्ज्ञ. १९८५मध्ये लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी ‘मिस’ मासिकात ती हकीकत लिहिली. त्या स्त्रियांचं दुःख मला पूर्ण समजतं. समोर खेळ चाललाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, कीर्तन ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला तर नटाचं नाव जाहिरातीतच वाचायला मिळे. सगळ्यांच्या संमतीने घेतलेला वेश आणि एकाने गुपचूप घेतलेला वेश यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मुलांना खेळापासून दूर ठेवण्यापेक्षा हा फरक त्यांना सांगणं मला जास्त निकडीचं वाटतं.

आणखी एक गोष्ट हळुवारपणे सांगायची आहे. काही जणांसाठी हा खेळ राहत नाही. मुलगा म्हणून वाढवलेल्या एखाद्याला टेबलावर पहिल्यांदा ‘ती’ म्हणून हाक येते आणि आत काहीतरी जागेवर बसतं. त्याने, किंवा तिने, खेळातून स्वतःचं घर शोधलेलं असतं. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि २०१६च्या सिंहस्थात, महूपासून दोन तासांच्या वाटेवर उज्जैनला, किन्नर आखाड्याची मिरवणूक लोकांनी फुलं उधळत पाहिली. पण स्त्रीपात्र घेणाऱ्या प्रत्येक मुलाकडे त्या नजरेने पाहू नये आणि ज्याच्यासाठी ते खरं आहे त्याला ‘अरे, खेळच तो’ म्हणून गप्पही करू नये. आईबापांनी विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

शेवटी पुन्हा इंदूरकडे वळतो. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी १९१८मध्ये उभी राहिली. राम गणेश गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ त्यांनी रंगभूमीवर आणलं आणि त्यात दीनानाथांनी लतिका केली. सुंदर, मानी, जिभेची तिखट मुलगी. त्यांच्या लतिकेत आणि पुढे ‘रणदुंदुभी’तल्या तेजस्विनीत लाजऱ्या नायिकेची नजाकत कमी आणि पाणी जास्त होतं, आणि तेच दीनानाथ ‘मानापमान’मध्ये धैर्यधर होऊन शौर्याचं पद गात तेव्हा नाटकगृह दणाणून जाई. दोन्ही बाजू त्यांनी सारख्याच इमानाने खेळल्या.

२८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात त्यांना मुलगी झाली. तिचं नाव हेमा ठेवलं होतं. पुढे ते बदललं आणि वडिलांनी रंगमंचावर जगलेल्या लतिकेवरून तिला लता म्हणू लागले. एका पुरुषाने उभी केलेली बाई, तिचं नाव एका मुलीने आयुष्यभर लावलं.

ती मोठी झाली. साठच्या दशकात मराठी चित्रपटांना संगीत देण्याची वेळ आली तेव्हा तिनेही एक वेश घेतला, पुरुषाचा. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव आहे आनंदघन. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघन हे नाव पुकारलं गेलं. लोक माना वळवून त्या गृहस्थांना शोधू लागले. ती आपल्या खुर्चीत बसून होती.